डोळ्यात राहिलेला ठिपका

भिंगाने कागद जाळला नाही, असा मुलगा आमच्या पिढीत शोधूनही सापडायचा नाही. उन्हाळ्याची सुटी, दुपारी दोनची वेळ, घरातली मोठी माणसे वामकुक्षीत आणि अंगणात तुळशीवृंदावनाच्या आडोशाला आम्ही तीन-चार उपद्व्यापी. आजोबांचे पोथी वाचायचे भिंग त्यांच्या उशाशी दिसले नाही, की ते कुणाच्या हातात असणार हे घरात सगळ्यांना ठाऊक असे. भिंग वर-खाली करत उन्हाचा ठिपका बारीक करायचा, तो वर्तमानपत्रातल्या एखाद्या ठळक काळ्या अक्षरावर आणायचा आणि श्वास रोखून थांबायचे. आधी अक्षराभोवती तपकिरी वलय, मग धुराची बारीक रेघ, मग कडेला सोनेरी किनार. काडेपेटीला हात न लावता विस्तव!

कोऱ्या कागदापेक्षा छापलेले काळे अक्षर लवकर पेटते, हे तेव्हाच ध्यानात आले होते. काळा रंग प्रकाश गिळतो, पांढरा परतवतो, हे पुस्तकात पुढे चार वर्षांनी भेटले.

हे बालपण सांगायचे कारण असे, की पुढे चाळिशी ओलांडल्यावर मी पुन्हा तोच खेळ मांडला. या वेळी सूर्य नव्हता, भिंग नखाएवढे होते आणि विस्तव एका जुन्या डबड्यातून काढलेला होता. त्या खेळाची खूण आजही माझ्या डाव्या डोळ्यात आहे. गेली कित्येक वर्षे हे लिहावे की लिहू नये, असे चालले होते. आपला मूर्खपणा आपणच चव्हाट्यावर कशाला मांडा? पण परवा पुतण्याच्या घरी जे पाहिले, त्यानंतर गप्प बसणे जमेना.

डबड्यातला विस्तव

माझी नोकरी बँकेतली. पण जीव रमायचा तो घरच्या गॅलरीतल्या टेबलावर. सोल्डरिंगची इस्त्री, मल्टीमीटर, बिस्किटांच्या डब्यांत भरलेले रेझिस्टर आणि शेजारपाजारच्यांनी ‘बघा काही उपयोग होतो का’ म्हणून आणून दिलेले रेडिओ-टेपरेकॉर्डर. आमच्या सौ. त्या गॅलरीला ‘दवाखाना’ म्हणत. तिथे आलेला रोगी सहसा घरी परत जात नसे.

२००९ च्या सुमारास या दवाखान्यात डीव्हीडी रायटर येऊ लागले. संगणकातली ही खणासारखी पेटी बिघडली, की दुकानदार ती भंगारात टाकत. तोवर जगभरच्या हौशी मंडळींना एक शोध लागून गेला होता. डीव्हीडीवर ‘लिहिणे’ म्हणजे प्रत्यक्षात जाळणेच असते. तबकडीतल्या रंगद्रव्याच्या थरावर लाल लेसरने सूक्ष्म डाग पाडायचे, म्हणजे झाले लिखाण. तबकडी जितक्या वेगाने लिहायची, तितका किरण जोरकस हवा. नुसती वाचणाऱ्या पेटीला काही मिलिवॉट पुरतात. सोळापट वेगाने लिहिणाऱ्या पेटीतला डायोड मात्र दोनशे मिलिवॉटच्या वर जातो. मिलिवॉट म्हणजे एका वॉटचा हजारावा भाग. मास्तर फळ्यावर ठिपका दाखवायला जो लेसर वापरतात, तो पाच मिलिवॉटच्या आत असावा असा दंडक आहे.

त्या पेटीत तांदळाच्या दाण्याएवढे दोन डायोड असतात. एक डीव्हीडीसाठी, ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना लाल दिसणारा. दुसरा सीडीसाठी, ७८० नॅनोमीटरचा, अवरक्त. हा डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. दोन्ही चेहऱ्याने जुळे भाऊ. ओळखण्यात चूक झाली, तर आपण ‘लागला नाही वाटतं’ म्हणून न दिसणाऱ्या किरणाकडे डोकावून पाहणार!

डायोड काढणे हे चिमट्याने मोत्याचे नाक फोडण्याइतके नाजूक काम. अंगावरच्या कपड्यांत साठलेली स्थिर वीजसुद्धा त्याचा जीव घेते, म्हणून आधी नळाला हात लावून ती उतरवायची. मग त्याला वीज मोजून पाजायची. त्यासाठी एलएम ३१७ नावाची तीन पायांची चकती पुरते. तिच्या पुढे पाच ओहमचा रेझिस्टर लावला, की पाव अँपियर प्रवाह मिळतो, जास्त नाही. डायोड पितळी नळीत बसवायचा, पुढे आट्यांवर फिरणारे इवलेसे भिंग लावायचे आणि मागे ॲल्युमिनियमची पट्टी, उष्णता ओढून घ्यायला. माझे पहिले दोन डायोड मेले. तिसरा लागला.

तो क्षण सांगून कळायचा नाही. गॅलरीच्या भिंतीवर लाल ठिपका पडला. भिंग फिरवून तो बारीक केला आणि काळ्या चिकटपट्टीवर आणला. पट्टीतून धुराची रेघ निघाली! आजोबांच्या भिंगाची आठवण झाली. मग आगकाडी. गुलाला काळ्या शाईचा ठिपका दिला, की दोन-तीन सेकंदांत फुर्रकन पेटे. मग फुगे. लाल फुगा लाल किरणाला दाद देत नाही. काळा आणि निळा मात्र फटकन फुटतो. शेजारची मुले जमली. ‘काका, अजून एक!’ अशी फर्माईश सुरू झाली. टाळ्या वाजल्या. बँकेत वीस वर्षांत माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती.

मुलांना मी हिशेबही सांगितला. पाच सेंटिमीटर व्यासाचे भिंग भर उन्हात साधारण दोन वॉट ऊन गोळा करते. माझा किरण पाव वॉटाचा. म्हणजे आठवा हिस्सा! तरी तो जाळतो, कारण तो केसाएवढ्या ठिपक्यात मावतो. साधा दिवा म्हणजे जत्रेतली गर्दी. जो तो आपल्या वाटेने आणि आपल्या चालीने चाललेला. लेसर म्हणजे लेझमीचे पथक. एक ताल, एक दिशा, एकच रंग. म्हणून त्याचा झोत पसरत नाही.

या शेवटच्या वाक्यात सगळी मेख होती. भिंगाचा विस्तव एकाच बिंदूपाशी असतो. त्याच्या मागेपुढे हातभर गेले, की ऊन पुन्हा नुसते ऊन होते. लेसरचा झोत खोलीच्या या टोकाला जितका जहाल, जवळजवळ तितकाच त्या टोकालाही. हे मला ठाऊक होते. मुलांना सांगितलेही होते.

हौशी मंडळींचा वंश

हा नाद काही आजचा नाही. थिओडोर मैमन यांनी १६ मे १९६० रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मालिबू इथल्या ह्यूज प्रयोगशाळेत माणकाच्या कांडीतून जगातला पहिला लेसर किरण काढला. आइनस्टाइनने १९१७ साली कागदावर मांडलेल्या कल्पनेला त्या दिवशी रूप आले. पुढच्या काही वर्षांत प्रयोगशाळांमधल्या विद्वानांनी काय केले असेल? दाढीची पाती जाळली! एका दणक्यात किरण किती पात्यांतून आरपार जातो, त्यावरून त्याची ताकद मोजायची आणि त्या मापाला गमतीने ‘जिलेट’ म्हणायचे, अशी पद्धत पडली. म्हणजे जाळून पाहायची खोड डॉक्टरेट मिळाल्यावरही जात नाही.

घरी लेसर बनवणाऱ्यांची परंपराही तेवढीच जुनी. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात हौशी वैज्ञानिकांसाठी एक सदर असे. त्यात १९६४ साली हेलियम-निऑन वायूचा लेसर घरी कसा बनवावा, याची कृती छापून आली. काच फुंकायची, हवा उपसायची, आरसे केसभर इकडेतिकडे करत जुळवायचे. १९७१ साली त्याच सदरात कार्बन डायॉक्साइड लेसर आला, तोही शाळकरी मुलाने बनवलेला.

हा कार्बन डायॉक्साइड लेसर आपल्या घरचा म्हणावा असा आहे. त्याचे जनक कुमार पटेल १९३८ साली बारामतीत जन्मले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि पुढे अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत गेले. तिथे १९६४ साली त्यांनी हा लेसर सिद्ध केला. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही; लाकूड, कापड, ॲक्रिलिक यांत तो लगेच मुरतो आणि सुरीसारखा कापत जातो. आज गल्लोगल्ली लग्नपत्रिकांची नक्षी कापणारी यंत्रे दिसतात, त्यांतल्या बऱ्याच यंत्रांच्या काचेच्या नळीत पटेलांचाच लेसर असतो.

त्या काळी लेसर घरी बनवायचा, तर महिनोन्महिने घाम गाळावा लागे. त्या घामात आपोआप शहाणपण येई. मग डायोड आले. जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी १९९० च्या दशकात निळा प्रकाश देणारे डायोड घडवले. २०१० मध्ये कॅसिओ कंपनीचे प्रोजेक्टर बाजारात आले, त्यांत प्रकाशासाठी निळ्या लेसर डायोडांची रांगच होती. एकेका डायोडची ताकद वॉटाच्या घरात. अमेरिका-युरोपातल्या हौशी लोकांनी नवेकोरे प्रोजेक्टर विकत घेऊन फोडले, कारण सुटे डायोड घेण्यापेक्षा ते स्वस्त पडत होते! माझा लाल किरण पाव वॉटाचा. हे निळे त्याच्या चौपट. आणि आता तर पाच-दहा वॉटांची कोरीवकामाची यंत्रे घरपोच येतात.

ताकद वाढत गेली आणि किंमत उतरत गेली. डोळा मात्र होता तेवढाच राहिला.

ग्रहणानंतरचा रविवार

१५ जानेवारी २०१० रोजी सूर्यग्रहण होते. कन्याकुमारीकडे ते कंकणाकृती दिसले, आमच्या नाशिकला खंडग्रास. शुक्रवार असूनही मी अर्धा दिवस रजा टाकली आणि गल्लीतल्या मुलांना ग्रहणाचे चष्मे वाटले. एक पोरगा नुसत्या डोळ्यांनी वर पाहू लागला, तर त्याच्या पाठीत धपाटा घातला. ‘डोळे काय दुकानात मिळतात?’ असे मोठ्याने विचारल्याचेही आठवते.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, २४ तारखेला, सकाळी अकराच्या सुमारास मी टेबलाशी बसलो होतो. किरणाचा ठिपका नेमका किती अंतरावर सर्वांत बारीक होतो, ते मोजत होतो. मोजायला काय घेतले होते? स्टीलची पट्टी. चकचकीत, नवी, सहा इंची. काळ्या कागदाचा तुकडा पुढेमागे करता करता तो निसटला, पट्टी कलली आणि लाल उजेड माझ्या डाव्या डोळ्यात आला.

दुखले नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण याच गोष्टीने माणूस फसतो. चटका नाही, कळ नाही, डोळ्यातून पाणी नाही. फोटोग्राफरच्या फ्लॅशनंतर येते तशी एक झापड आली. मी बटण बंद केले, डोळे चोळले, चहा मागितला. पाच मिनिटांनी झापड विरली; मधला एक ठिपका मात्र विरला नाही. तो रात्री होता. दुसऱ्या दिवशी सकाळीही होता.

चार दिवस मी घरात कुणाला बोललो नाही. बँकेत मात्र लपवता येईना. डावा डोळा उघडा ठेवून रकान्यातल्या ज्या आकड्याकडे पाहावे, नेमका तोच दिसेनासा होई. शेजारचे आकडे जागेवर. नजर सरकवावी, तर नाहीसा झालेला आकडा परत येई आणि दुसरा गडप होई. तीन आणि आठ यांत फरक कळेना. शेवटी डावा डोळा मिटून काम करू लागलो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारले, ‘डोळा आलाय का हो?’ त्या दिवशी संध्याकाळी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टरीणबाईंनी चौकटी-चौकटींचा एक कागद समोर धरला. मध्ये काळा ठिपका. ‘ठिपक्याकडे बघा आणि सांगा, रेघा सरळ दिसतात का?’ उजव्या डोळ्याने सरळ दिसत होत्या. डाव्या डोळ्याने मधल्या रेघा चिमटीत धरून ओढल्यासारख्या वाकल्या होत्या, आणि ठिपका नव्हताच. त्यांनी बाहुली मोठी करणारे थेंब घातले, डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी केली आणि विचारले,

‘ग्रहण पाहिलंत का परवाचं?’

‘पाहिलं.’

‘चष्म्याशिवाय?’

‘नाही हो. गल्लीत सगळ्यांना चष्मे मीच वाटले.’

‘मग?’

मग मला सगळे सांगावे लागले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. शेजारी सौ. बसल्या होत्या, त्यांनीही ते पहिल्यांदाच ऐकले. परतताना रिक्षात दोघेही गप्प होतो. घरी आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, ‘पोराच्या पाठीत धपाटा घातलात ना, तुम्हाला कुणी घालायचा?’

डोळा हेही भिंगच

बाईंनी नंतर जे समजावले, ते थोडक्यात असे. आपल्या डोळ्यात पुढे पारदर्शक पटल आणि भिंग, मागे दृष्टिपटल. येणारा प्रकाश एका बारीक ठिपक्यात गोळा करणे, हेच डोळ्याचे काम. समांतर येणारा लेसर किरण दृष्टिपटलावर पोहोचेपर्यंत सुमारे एक लाख पट एकवटतो. म्हणजे माझ्या किरणाला जाळण्यासाठी मी पितळी नळीत भिंग बसवले होते. पण ते नसते तरी चालले असते. दुसरे भिंग माझ्या कपाळाखालीच होते.

भर दुपारच्या सूर्याकडे पाहिले, तर आक्रसलेल्या बाहुलीतून जेमतेम तीन मिलिवॉट ऊन आत शिरते आणि त्याची प्रतिमा दृष्टिपटलावर मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाएवढी पडते. लेसरचा ठिपका याहूनही कितीतरी लहान. माझ्या पाव वॉटातला दहावा हिस्सा जरी पट्टीवरून उसळून आत शिरला असेल, तरी त्या इवल्या जागेवर सूर्याच्या शेकडो पट मारा झाला. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. एक मिलिवॉटच्या किरणाला हा पाव सेकंद पुरतो, म्हणून तेवढ्या लेसरला निर्धोक मानतात. माझ्या किरणाला सेकंदाचा हजारावा भागही फार झाला. आणि दृष्टिपटलाला वेदना कळतच नाही. जाळ होतो, पण बोंब उठत नाही.

यावरून आर्थर शॉलो यांचा एक प्रयोग आठवतो. लेसरच्या मूळ कल्पनेत वाटा असलेल्या आणि १९८१ साली नोबेल मिळवलेल्या या गमत्या प्राध्यापकांनी व्याख्यानांत एक करामत दाखवायचा प्रघात पाडला होता. पारदर्शक फुग्यात मिकी माऊसच्या आकाराचा गडद फुगा. माणकाच्या लेसरचा झोत सोडला, की बाहेरचा फुगा जसाच्या तसा आणि आतला माऊस मात्र फटकन फुटलेला! प्रेक्षक हसत. पारदर्शक वस्तूतून किरण निमूट जातो आणि आतल्या गडद वस्तूला गाठतो, एवढेच त्यात होते. पण डोळ्याची रचना नेमकी तशीच आहे. म्हणूनच पहिल्या लेसरनंतर जेमतेम दीड वर्षात, डिसेंबर १९६१ मध्ये, अमेरिकेतल्या डॉ. चार्ल्स कॅम्पबेल यांनी एका रुग्णाच्या दृष्टिपटलावरची गाठ लेसरने, डोळा न कापता जाळली. आज मधुमेहाने खराब झालेल्या दृष्टिपटलाला डॉक्टर लेसरचे डाग देऊन वाचवतात. जाळणे तेच, पण तिथे किती, कुठे आणि किती वेळ, हे मोजलेले असते.

माझ्यावर करण्यासारखा इलाज फारसा नव्हता. काही महिन्यांत ठिपका थोडा आटला, रेघा थोड्या सरळ झाल्या. व्रण राहिला. दोन्ही डोळ्यांनी पाहिले तर चालून जाते.

मिरवणुकीपासून माजघरापर्यंत

मी या नादाला शिव्या घालतो, असे कुणी समजू नये. डोळा बरा झाल्यावर मी टेबलाकडे परत गेलो. फरक इतकाच, की आधी चष्मा घेतला. तो डायोडपेक्षा कितीतरी महाग पडला, आणि हौशी माणूस नेमका इथेच घसरतो. विस्तव भंगारात फुकट मिळतो. चष्मा विकत घ्यावा लागतो. शिवाय उन्हाचा गॉगल इथे कामाचा नाही. लाल किरणाला हिरवट-निळी काच, निळ्या-हिरव्या किरणाला नारिंगी-तांबडी काच. ज्याचा त्याचा चष्मा वेगळा. चष्म्यावर दोन आकडे छापलेले असतात. एक तरंगलांबीचा आणि दुसरा किती प्रकाश अडवतो याचा. हा दुसरा आकडा चार असेल, तर दहा हजारातला एकच भाग आत येतो. आकडे नसतील, तर तो चष्मा नव्हे, रंगीत प्लॅस्टिक.

लेबलावरही किती विसंबावे? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१३ मध्ये १२२ लेसर पॉइंटर तपासल्याचे जाहीर केले. हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लालपैकी ४४ टक्के नियमात बसत नव्हते. हिरव्या पॉइंटरची तर वेगळीच गोम. त्याच्या पोटात आधी अवरक्त किरण तयार होतो आणि स्फटिकातून जाऊन त्याचा हिरवा होतो. स्वस्त मालात अवरक्त अडवणारी काच गाळलेली असली, तर हिरव्याबरोबर तोही बाहेर पडतो. दिसत नाही, एवढेच.

आणि आता तर हौसेखेरीजही लेसर अंगावर येतो. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर आपल्या राज्यात दृष्टिपटल भाजलेले तरुण नेत्रतज्ज्ञांकडे आले. ते कुठलाही प्रयोग करत नव्हते. नुसते मिरवणुकीत नाचत होते. पुढच्या वर्षी पुण्यासह काही ठिकाणी पोलिसांनी लेसर झोतांना मनाई केली. मिरवणुकीचे चित्रण करताना मोबाइलच्या कॅमेऱ्यात कायमची रेघ उमटल्याची तक्रार पुष्कळ जण करतात. मोबाइलचा कॅमेरा बदलून मिळतो. बातमी वाचली, तेव्हा मला त्या पोरांच्या ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ची आठवण झाली. ठिपका विरायची वाट पाहण्याची सकाळ. ती मी पाहिली आहे.

आता परवाची गोष्ट. सातपूरला माझा पुतण्या राहतो. कारखान्यातली नोकरी कंत्राटी. आज आहे, उद्या नाही. वर्षभरापूर्वी त्याने दहा वॉटांचे निळ्या लेसरचे यंत्र घेतले. फ्लॅटच्या नावाच्या पाट्या, किल्ल्यांचे लाकडी बिल्ले, वाढदिवसाच्या फोटोचौकटी. काम सुरेख करतो आणि पगाराला चांगला टेकू मिळतो. ‘काका, बघायला या’ म्हणून कितीदा म्हणाला होता. गेलो.

खोलीत लाकूड जळाल्याचा वास भरला होता. टेबलावर यंत्राची उघडी चौकट, तिच्यात निळा उजेड सरकत होता आणि सागाच्या फळीवर कुणा कुटुंबाचे आडनाव उमटत होते. पुतण्याच्या डोळ्यांवर नारिंगी चष्मा होता. मला बरे वाटले. तेवढ्यात पलंगाकडे लक्ष गेले. त्याची चार वर्षांची लेक पालथी पडून, हनुवटीखाली हात घेऊन, त्या निळ्या उजेडाकडे टक लावून पाहत होती. मोर पाहावा तशी.

मी यंत्राची पिन ओढली. आडनाव अर्धेच राहिले, फळी वाया गेली.

‘काका! काय केलंत हे?’

‘चष्मे किती आहेत तुझ्याकडे?’

‘एकच. यंत्राबरोबर आला तो. चालवणारा मी एकटाच ना!’

‘आणि बघणारे?’

त्याने पलंगाकडे पाहिले. पुढे काही बोलायची गरज पडली नाही. या यंत्राचा किरण भिंगापासून बोटभर अंतरावर एकवटतो आणि पुढे फाकतो, हे त्याचे म्हणणे बरोबर होते. पण दहा वॉटांच्या बाबतीत फळीवरून विखुरलेला उजेडही जवळून पाहू नये असा असतो; आणि फळीवर एखादा चकचकीत खिळा, पितळी पट्टी निघाली, तर तो कुठे उसळेल हे सांगता येत नाही. माझी पट्टीही सहाच इंचांची होती. डोळ्याची गोष्ट त्याला अर्धवट ठाऊक होती. घरात तिचा उल्लेख ‘काकांना मागे डोळ्याचा त्रास झाला होता’ एवढाच होत असे. त्या संध्याकाळी मी ती पूर्ण सांगितली.

‘यंत्र विकू का मग?’ त्याने विचारले. त्याचा स्वर ऐकून मला वाईट वाटले. महिन्याच्या हिशेबात ते यंत्र मोजलेले होते.

‘विकायचं कशाला? घर बांध त्याला.’

पुढचे दोन रविवार आम्ही काका-पुतण्यांनी त्या यंत्राचे घर बांधले. जुन्या लोखंडी कपाटाचा पत्रा, आतून चमक नसलेला काळा रंग. पाहायला एक खिडकी, तिला त्याच तरंगलांबीसाठी बनवलेली नारिंगी काच. दाराला फ्रिजच्या दिव्याला असते तसे बटण; फ्रिजचे दार उघडले की दिवा लागतो, इथे दार उघडले की किरण मरतो. मागे पंखा आणि धूर खिडकीबाहेर नेणारी नळी. रेक्झिनच्या पाकिटांवर नावे टाकून देण्याची कामे त्याला येत. ती बंद करायला लावली, कारण त्यातल्या पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो आणि तो नाका-घशातल्या ओलाव्यात मिसळला की ॲसिड होते. आणि यंत्र चालू असताना खोली सोडून जायचे नाही; शेवटी तो विस्तवच आहे. हे सगळे करून झाल्यावर आणखी दोन चष्मे मागवले. पैसे मी दिले. त्या चष्म्यांचे पैसे द्यायला मला तसाही बराच उशीर झाला होता.

लेकीला दाराचे बटण फार आवडले. दार उघडले की उजेड जातो, लावले की येतो. तिने ते इतक्या वेळा केले, की पुतण्याची आणखी एक फळी वाया गेली. या वेळी कुणी काही बोलले नाही.

परवा तो घरी आला, तेव्हा सागाची एक छोटी पाटी घेऊन आला. माझ्या गॅलरीतल्या टेबलासाठी. नक्षीदार कड, मध्ये दोन शब्द: ‘आधी चष्मा’. पाटी टेबलावर भिंतीला टेकवून ठेवली आहे. दोन्ही डोळ्यांनी ती स्वच्छ वाचता येते. उजवा मिटून नुसत्या डाव्याने ‘चष्मा’तल्या ‘ष्मा’कडे पाहिले, तर तिथे काही दिसत नाही, आजूबाजूची अक्षरे, सागाच्या रेषा, कडेची नक्षी, सगळे जागच्या जागी असते.